काम मिळालं असतं तर

मयूर विहार, दिल्ली,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय देवू,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळं ठीक आहे, बाबांचं बीपी बिल्कुल नॉर्मल आहे आणि मी कशावरून रागावलेलीही नाही. पण फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस, दुसऱ्या कानाने अक्षयाचं, आणि मध्येच 'आई, एक मिनिट हां' म्हणून जी गायब होतेस ती संध्याकाळी उगवतेस. पत्रात माझं बोलणं कोणी तोडत नाही. तू किती वेळा विचारलंस, आई, फेब्रुवारीतली कुठली तारीख, तिकीट काढू का. दर वेळी मी काहीतरी बोलून विषय बदलला. तुझी रजा दहा तारखेला संपते, त्याआधी मी हैदराबादला येऊन अक्षयाला सांभाळायचं आणि तू लॅबमध्ये परत रुजू व्हायचं, हे ती जन्मली तेव्हापासून ठरलेलं आहे. मग आईला झालंय तरी काय, असं तुझ्या मनात आलं असणार. काय झालंय तेच सांगायला बसलेय, पण माझ्या पद्धतीने सांगू दे. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड आज जरा आवर.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, मी माळ्यावरची भांडी काढून बसले होते आणि बेल वाजली. दारात एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. हिंदीतून म्हणाली, सरकारी सर्व्हेतून आलेय, घरात कोण काम करतं, कोण करत नाही, ही माहिती हवी. देशात बेरोजगारी इतके टक्के, असा आकडा आता दर महिन्याला पेपरात येतो ना, तो अशा मुलामुलींनी दारोदार फिरून गोळा केलेल्या उत्तरांतून निघतो. आपल्या ब्लॉकमधली काही घरं त्यासाठी निवडली होती आणि चार महिने, महिन्यातून एकदा, ती येणार होती. मी आपली शेजारणींसारखी 'बाद में आना' म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून बाबांनी ऐकलं. देवू, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. या माणसाने उभी नोकरी सांख्यिकी खात्यात काढली, अख्ख्या देशाची असली उत्तरं चाळली, पण आपल्या घराचा नंबर कधी म्हणून लागला नव्हता. तो निवृत्तीनंतर लागला. लुंगीवर शर्ट चढवत लगबगीने बाहेर आले आणि त्या पोरीला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं.

मी बाबांना 'अहो, चहा टाकू ना' म्हटलं आणि ती मुलगी ताडकन मराठीत आली. कौशल्या तिचं नाव, परभणीकडची, जिंतूरची. यूपीएससीसाठी म्हणून राजेंद्र नगरात आली होती, परीक्षेत काही यश आलं नाही, आणि आता कंत्राटावर हे काम करते. बडबडी आहे, हसरी आहे, पायात स्पोर्ट्‌सचे बूट आणि खांद्यावर ही एवढी सॅक. मला ती बघताक्षणी आवडली. बाबांनी मात्र तिला तिचे प्रश्न धड विचारू दिले नाहीत. गेल्या सात दिवसांत घरातल्या कोणी काय केलं, असं ती वाचायला लागली, तर हे म्हणाले, मी चौऱ्याण्णव, ही ब्याण्णव, लिही. या सर्व्हेत प्रत्येक माणसाला एक आकडा मिळतो आणि बाबांना ते आकडे आरतीसारखे पाठ आहेत. चौऱ्याण्णव म्हणजे पेन्शनवर जगणारा. ब्याण्णव म्हणजे फक्त घरकाम करणारी. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि तिथे मला माझा नंबर ऐकू आला.

वाईट वाटलं असं मुळीच नाही. मला गंमत वाटली. इतकी वर्षं संसार करून मला हा नंबर ठाऊक नव्हता. मग मी बाबांच्या मागेच लागले, बाकीचे नंबर सांगा. तुला माहीत आहे, त्यांना असं कोणी विचारलं की भात गार होतो. तर ऐक, यात काय काय मजा आहे. आठवड्यात एक तास जरी पैसे मिळतील असं काम केलं, तरी माणूस कामावर धरतात. नवऱ्याच्या दुकानात बायको पगाराविना बसली तरी ती कामावर. पण तीच बायको घरी दिवसभर खपली तर नाही. म्हणजे मी मेथीची भाजी करून कोणाला डबा विकला तर मी कामकरी, आणि तीच भाजी बाबांच्या ताटात वाढली तर ब्याण्णव. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, काम नसलेला प्रत्येक जण बेरोजगार नसतोच. ज्याला काम नाही पण हवंय, तोच बेरोजगार. ज्याने शोधून शोधून नाद सोडला, तो हिशेबातून बाहेर. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे लोक कंटाळून घरी बसले की देशाचा आकडा सुधारतो? बाबा म्हणाले, म्हणूनच एकटा आकडा वाचायचा नसतो, किती लोक कामाच्या बाजारात उतरलेच नाहीत तेही शेजारी ठेवून बघायचं. आणि वहीचा कागद फाडून मला गोल काढून दाखवायला लागले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण हे ऑफिसात नेमकं काय करायचे ते मला गेल्या दिवाळीत कळलं.

नोव्हेंबरात कौशल्या आली तेव्हा बाबा घरी नव्हते. जुन्या सहकाऱ्यांबरोबर कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी जेवण मिळतं त्या सदनात थालीपीठ खायला गेले होते, दर गुरुवारचा त्यांचा नेमच आहे ना. बाहेर हवा इतकी घाण की पोरीचे डोळे लालभडक झाले होते. मी तिला आल्याचा चहा दिला आणि म्हटलं, चलो, आज मला विचार. ती म्हणाली, काकू, मग आज मी प्रश्न पूर्ण वाचते, सर असले की वाचूच देत नाहीत. आणि तिने वाचला. गेल्या सात दिवसांत पैसे मिळतील असं काही काम केलंत का. नाही. काम शोधलंत का. नाही. काम मिळालं असतं, तर करायची तयारी होती का.

ती हा प्रश्न दिवसभर घरोघर विचारते आणि माझ्या वयाच्या बायका 'अब क्या काम, बेटा' म्हणून हसतात आणि ती पुढे जाते, हे तिनेच मला नंतर सांगितलं. मीही तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायलाच. आणि बाहेर पडलं 'हो'. मला माझाच आवाज ऐकू आला. कौशल्याने टॅबवरून मान वर केली. काकू, नक्की ना, तसं भरू? मी म्हटलं, भर, मिळालं असतं तर केलं असतं. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, मग काकू, आजपासून तुम्ही बेरोजगार. अठ्ठावन्न वर्षांची तुझी आई, देवू, त्याच ओट्यापाशी, तोच जुना गाऊन अंगात, आणि चहा संपायच्या आत गृहिणीची बेरोजगार झाली. मला हसूच आवरेना. ती गेल्यावर मात्र मी बराच वेळ बाल्कनीत बसून राहिले. काहीतरी फार मोठं बोलून गेल्यासारखं वाटत होतं आणि ते परत घ्यावं असं काही केल्या वाटत नव्हतं.

बाबा आल्यावर त्यांना सांगितलं. वाटलं, टिंगल करतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, म्हणजे ब्याऐंशी, शोधत नाही पण तयार आहे. मग एकदम खुलले. म्हणाले, अगं, तुला कळतंय का तू काय केलंस? सरकार काही प्रत्येक घरात जात नाही. निवडलेलं एक घर न विचारलेल्या कितीतरी घरांच्या वतीने बोलतं. तुझं एक 'हो' देशाच्या हिशेबात हजारो बायकांचं 'हो' म्हणून धरलं जाणार. दुसऱ्या दिवशी मटार सोलताना मी त्या हजारो बायकांचा विचार करत होते. कोण असतील, कुठल्या गावच्या असतील, त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी खरंच हेच उत्तर दिलं असतं का. मी आपली न विचारता सगळ्यांच्या वतीने बोलून बसले.

दोन दिवसांनी सकाळी पार्कात फिरताना बाबा चालता चालता थांबले आणि म्हणाले, कधीपासून? मला आधी कळेचना कशाबद्दल विचारताहेत. मग म्हटलं, ते कसं सांगू, मला याआधी कोणी विचारलंच नव्हतं. कराडच्या दूध संघात मी लग्नाआधी दोन वर्षं होते, हे तुला ऐकून ठाऊक आहे. गावोगावच्या केंद्रांवरून दूध वेळेवर आलं नाही की फोनवरून त्या लोकांची खरडपट्टी काढायचं काम माझ्याकडे होतं आणि मी त्यात वाकबगार होते. लग्न ठरलं, दिल्लीची माणसं म्हणून सगळे खूश, मी राजीनामा लिहून दिला. त्यात कोणाचा दोष नव्हता, माझाही नव्हता, त्या वेळी ते न बोलताच ठरलेलं असायचं. बाबा हे ऐकत उभे राहिले. घरी आल्यावर स्वतःच्या हाताने दुधाची पिशवी फोडली आणि अर्धं दूध ओट्यावर सांडलं. मी फडकं पुढे केलं.

डिसेंबरात पलीकडच्या सोसायटीच्या फाटकावर नोटीस लागली. सोसायटीच्या ऑफिससाठी मॅनेजर हवा, रिटायर्ड माणसाला प्राधान्य. काम काय, तर गार्ड लोकांच्या पाळ्या लावायच्या, लिफ्टवाल्याला, प्लंबरला बोलवायचं, मेंटेनन्सची बिलं, पार्किंगची भांडणं आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. मी ती नोटीस भाजी आणायला जाताना वाचली आणि येताना परत वाचली. बाबा आपल्या सोसायटीचे खजिनदार होते तेव्हा टँकरवाल्याशी कोण भांडायचं, हे तुला आठवत असेल. सह्या त्यांच्या असायच्या, घसा माझा. मी अर्ज लिहिला आणि घेऊन गेले. तिथल्या सेक्रेटरी आहेत अलकनंदा नेगी, पहाडी बाई, शाळेच्या प्रिन्सिपल होत्या, बोलायला कडक. त्यांनी अर्जाकडे न बघताच सांगितलं, भाभीजी, भाईसाहब खुद आ जाते, इंटरव्ह्यू तो उनका होगा ना. मी म्हटलं, जी नहीं, मेरा होगा. मग त्यांनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि विचारलं, आप किस डिपार्टमेंट से रिटायर हुई हैं? मी म्हटलं, मैं अभी रिटायर हुई नहीं हूँ. तेव्हा नेगीबाईंनी मला बसायला सांगितलं.

त्याच आठवड्यात कौशल्याची तिसरी फेरी होती. बाबा नेहमीच्या खुर्चीत सरसावून बसले. त्यांचं झालं, चौऱ्याण्णव. मग ती माझ्याबद्दल विचारायला लागली, तर म्हणाले, हिचं हीच सांगेल. आणि पेपर तोंडासमोर धरून बसले. मला काय वाटलं ते मी तुला लिहूही शकत नाही, देवू, मी फक्त एवढं सांगते की मला ते फार आवडलं. मी कौशल्याला अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, काकू, प्रमोशन. आता तुम्ही नुसत्या तयार नाही, शोधणाऱ्या.

इंटरव्ह्यू संक्रांतीच्या आसपास झाला. कमिटीचे चार लोक, त्यातल्या एका साहेबांना बाई गार्ड लोकांना काय हाकणार, ही काळजी. त्यांनी विचारलं, होळीच्या सकाळी टँकर आला नाही तर काय कराल? मी म्हटलं, होळीच्या सकाळी येणारच नाही, म्हणून मी आदल्या संध्याकाळी दोन मागवून टाक्या भरून ठेवीन, और बाकी सबको बोलूँगी कि सूखी होली खेलो. नेगीबाई हसल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पगार काही फार नाही, मंगळवारी सुट्टी, एक फेब्रुवारीपासून रुजू व्हायचं. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं, आणि मला रडू आलं. मग दोघांनी बाजारात जाऊन गाजर हलवा खाल्ला.

परवा कौशल्या शेवटचं येऊन गेली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता तुझ्या टॅबात मला नोकरीवर टाक. तर म्हणाली, काकू, तसं नाही टाकता येत, तुम्ही अजून एक तासही काम केलेलं नाही. आणि एक तारखेनंतर तुमच्या घराच्या फेऱ्या संपल्या, दुसरी घरं येणार. म्हणजे देशाच्या दप्तरी तुझी आई बेरोजगारच राहिली. आम्ही तिघंही यावर पोट धरून हसलो. मग मी तिला विचारलं, आणि तुझं काय गं? तिचं कंत्राट मार्चपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. तिचे वडील जिंतूरला अजून सगळ्यांना सांगतात की पोरगी दिल्लीत अभ्यास करते. नोकरी म्हटलं की लोक कसली, किती दिवसांची, असं विचारतात, आणि अभ्यास म्हटलं की गप्प बसतात. हे सांगताना ती हसत होती, पण मला तिची काळजी वाटते. रविवारी जेवायला ये असं सांगितलंय, सर्व्हे असो नसो.

आता तुझ्याकडे येते. तुला वाटत असेल, आईला माझी नोकरी किरकोळ वाटायला लागली की काय. मुळीच नाही. तू लॅबमध्ये परत गेलंच पाहिजेस, एक दिवसही उशीर न करता, आणि आमचा जावई अंशुमन कितीही म्हणाला की अजून सहा महिने थांब, तरी थांबू नकोस. अक्षयाची मला इतकी आठवण येते की तिचे फोटो बघताना माझ्या तोंडून आपोआप अंगाईसारखं काहीतरी निघतं. ऑगस्ट-सप्टेंबर असे दोन महिने तिला मांडीवर घेऊन बसले, ते दिवस मला फार गोड गेले, हे खोटं नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अंशुमनच्या आई शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना कोणी विचारलंच नाही. विचारायचं मनातही आलं नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांना नोकरी आहे. आणि मलाही कोणी विचारलं नाही, कारण मला नाही. तू 'आई, येशील का' असं म्हणाली नाहीस, 'आई, कधी येतेस' एवढंच म्हणालीस. मी त्यावर रुसलेली नाही. मला स्वतःलाही ते त्या वेळी खटकलं नव्हतं. आता खटकतं, आणि मला ते तुझ्याशीच बोलायचं होतं, कारण तू माझी मुलगी आहेस आणि पुढे अक्षया तुझी असणार आहे. या दहा दिवसांत मला धड झोप नाही. नेगीबाईंना नाही म्हणून सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मग परवा मी बाबांनाच सरळ म्हटलं, तुम्ही का नाही जात? आधी ते हसले. मग म्हणाले, मला कुठे काय येतं. मी म्हटलं, येत नाही हे खरं, पण तुमची तब्येत चांगली आहे, दिवसभर मोकळे असता आणि पाच वेळा पेपर वाचता. त्यावर ते उठून गेले. मला वाटलं, चिडले. संध्याकाळी आले ते दिवाणावरचा लोड घेऊन आणि मला म्हणाले, बाळाला आंघोळ घालताना मान कशी धरायची ते दाखव. तेव्हापासून त्या लोडाला टॉवेलात गुंडाळून त्यांचा सराव चाललाय. राजधानीचं तिकीट त्यांनी स्वतः काढलंय, एकाचंच, आणि सात तारखेला ते सिकंदराबादला उतरतील. हे सांगायला एवढं पत्र लिहिलं, देवू. मी येत नाही, बाबा येताहेत. तुला राग येईल, भीतीही वाटेल, मला दोन्ही चालेल. अंशुमन आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो, त्यालाही जरा कामाला लाव. बाबांच्या हातून दूध उतू जाईल, झबलं उलटं घातलं जाईल, आणि ते तुला लॅबमध्ये फोन करून काहीही विचारतील. त्यांना तूच सांग, मला विचारू नकोस, मी ऑफिसात असेन. आणि 'बाबांना हे जमणार नाही' असं तुझ्या ओठांवर आलं, तर थोडी थांब. सव्वा महिन्याची तुला घेऊन मी कराडहून इकडे दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले, तेव्हा बाबा दौऱ्यावर होते आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. तुला पहिल्यांदा एकटीने न्हाऊ घातलं त्या दिवशी मी तुझ्याहून मोठ्याने रडत होते. मलाही काहीच येत नव्हतं, बाळा.

तुझीच, एक तारखेपासून दिवसा फोन न उचलणारी,
आई